बोंडूच्या पायाचा कौल

बोंडूचा पाय कापायचा की नाही, याबद्दल चारकोपच्या त्या गल्लीत ज्याला मत नाही असा माणूस शोधून सापडला नसता. शेजारची सुगंधा बोलली, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला बोलला, आणि सोसायटीचा सेक्रेटरी कुंडलिक, ज्याने जन्मात कधी कुत्र्यापुढे बिस्कीट टाकलं नव्हतं, तोही खिशात हात घालून उभ्या उभ्या भाषण ठोकून गेला. मालन सगळ्यांचं ऐकून घेत होती. ऐकून घेणं ही तिची जुनी खोड, आणि घरच्यांनी त्या खोडीचा आजवर भरपूर फायदा उठवला होता.

बोंडू म्हणजे तांबूस-पिवळा गावठी कुत्रा, एक कान उभा, दुसरा कायमचा पडलेला. मालनच्या मुलाने, सर्वेशने, तो इंडस्ट्रियल इस्टेटच्या गेटपाशी सापडला म्हणून शर्टात घालून घरी आणला होता. काजूच्या बोंडूसारखा रंग म्हणून नाव ठेवलं तिच्या नवऱ्याने, सहदेवने. आणायचं काम एकाचं, नाव ठेवायचं दुसऱ्याचं, आणि त्यानंतरची सात वर्षं भात कालवणं, गोचिडी काढणं, पावसाळ्यात चार वेळा पाय पुसणं हे सगळं मालनचं. त्या घरात कामाची वाटणी नेहमी अशीच व्हायची.

गणपतीनंतर तो लंगडायला लागला. मुरगळला असेल म्हणून मालनने हळद-तुरटीचा लेप घातला. लेपाने काही होईना आणि पुढच्या पायाला मनगटाच्या वर टणक सूज धरायला लागली, तेव्हा ती आणि सर्वेश त्याला बोरिवलीला डॉक्टर श्रुतिकांकडे घेऊन गेले. ही डॉक्टर मुलगी वयाने सर्वेशएवढी, पण बोलायला सरळ. तिने हाडाचे फोटो काढले, सुईने नमुना घेऊन तपासणीला पाठवला, आणि आठवड्याने दोघांना समोर बसवून सांगितलं की हाडाचा कॅन्सर आहे.

"पाय खांद्यापासून काढावा लागेल," ती म्हणाली. "खोटं सांगत नाही, आजार पुढेमागे परत येणार. औषधं दिली तर वर्षभर मिळेल, कदाचित थोडं कमी. पण आत्ता जे दुखतंय ना, ते जाईल. कुत्री तीन पायांवर मस्त चालतात, तुम्हीच बघाल. छाती अजून स्वच्छ आहे. फक्त थांबू नका. हे हाड आतून पोखरलंय, उडी मारतानासुद्धा मोडेल."

थांबू नका, हे दोन शब्द मालनने पदराला गाठ मारून घरी आणले. घरी आल्यावर त्यांची काय वाट लागली ते ऐका.

संध्याकाळी बाहेरच्या खोलीत बैठक बसली. सहदेव खुर्चीत, सर्वेश आणि त्याची बायको अक्षता सोफ्यावर, आणि ज्याचा पाय होता तो टीव्हीखाली, दुखरा पाय चाटत. मालन ओट्यापाशी बांगडे साफ करत होती. दार उघडंच होतं, सगळं ऐकू येत होतं.

"मला वाटतं झोपवून टाकू त्याला," सर्वेश म्हणाला. आवाज भरून आला होता त्याचा, कुत्र्यावर जीव होता यात खोटं काही नव्हतं. "असा धावणारा कुत्रा यार, आणि एक अवयव कापून टाकायचा. मग सांगायचं की जगतोय. हे काय जगणं झालं? मला नाही बघवणार."

अक्षताने त्याच्या मांडीला कोपर मारलं. त्याला काहीच कळलं नाही. "काय? बरोबर बोलतोय ना मी?" असं त्याने वर विचारलं.

ओट्यापाशी मालनचा हात थांबला. चार वर्षांपूर्वी तिची डावी छाती काढली होती. ह्याच आजाराने. सर्वेश तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर बसून होता, डबा त्यानेच आणला होता, आणि आज त्याच तोंडाने तो विचारत होता की हे काय जगणं झालं. रागाला येऊन बोलला असता तर तिने सोडून दिलं असतं. तो तर अगदी मनापासून, हळवा होऊन बोलत होता, आणि तेच तिला जास्त लागलं. म्हणजे आई चार वर्षं ह्याच्यापुढे जेवण वाढत होती, भाजी आणत होती, ह्याच्या लग्नात नवी साडी नेसून मिरवली होती, आणि त्या सगळ्याला हा जगणं म्हणतच नव्हता. किंवा त्याच्या लक्षातच राहिलं नव्हतं. ह्या दोहोंत जास्त वाईट कोणतं, हे तिला ठरवता येईना.

लक्षात राहणार तरी कसं? त्या घरात तो विषय कुणी काढायचा नाही असा नियमच होता. गावाला सगळ्यांना सांगितलं होतं की पिशवीचं ऑपरेशन झालं. पिशवीचं ऑपरेशन बायकांचं होतंच, त्यात कुणी खोलात शिरत नाही. छाती म्हटलं की लोक बघणार, आणि कुठे बघणार ते सांगायला नको. असं सहदेव म्हणाला आणि मालनने मान डोलावली. घरी आल्यावर त्याने आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं, "तुका धक्को लागात" म्हणून. जखम भरली, व्रण पांढरा पडला, अंथरूण बाहेरच राहिलं.

आता ह्यांना बघवत नाही म्हणून बोंडूने मरायचं. मालनने बांगड्याचं डोकं असं काही उडवलं की ते थेट बेसिनच्या बाहेर जाऊन पडलं. बोंडू तीन पायांवर लंगडत आला, ते तोंडात धरलं आणि शेपूट हलवत परत गेला.

बैठकीत शेवटचा शब्द सहदेवचा. गिरणी बंद पडल्यावर त्याने वॉचमनची नोकरी केली, दुसऱ्यांच्या फाटकांवर आयुष्य काढलं, त्यामुळे घरात तरी आपलं चालावं अशी त्याची इच्छा असायची. तो म्हणाला, "देवाक इचारूया. पाय काढूचो काय नाय, ता तोच सांगात."

म्हणजे गावच्या देवळात कौल लावायचा. गुरव देवाच्या पाषाणाला दोन बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, प्रश्न विचारतो आणि वाट बघतो. उजवी कळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. सहदेवच्या घराण्यात लग्न, घर, नोकरी, विहीर, काही म्हणून कौलाशिवाय झालं नव्हतं. सर्वेशचं इंजिनियरिंगचं कॉलेजसुद्धा देवानेच निवडलं होतं, आणि बरंच बेतास बात निवडलं होतं.

मालनचं देवाशी भांडण नव्हतं. तीही त्याच गावची सून, दर मे महिन्यात त्याच्यापुढे नारळ ठेवायची. तिला राग होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. डॉक्टर थांबू नका म्हणाली आणि इथे थांबायची सोय झाली. गुरवाच्या भावकीत सुतक होतं, म्हणून आधी ते फिटेपर्यंत थांबले. मग अमावास्या आडवी आली. तेवढ्यात बोंडूने तो पाय जमिनीला टेकवणंच सोडून दिलं. कुशीवर वळताना तो कण्हायचा आणि मग आपणच दचकून मालनकडे बघायचा, जसं काही तिनेच त्याला मारलं.

सुगंधा दारात येऊन सांगून गेली की तीन पायांचं कुत्रं उंबऱ्यात बरं दिसत नाही, खाडीकडे सोडून या. मालनने तिच्या तोंडावर दार लावलं. वीस वर्षांच्या शेजारात असं पहिल्यांदाच झालं होतं, आणि मालनला स्वतःचंच नवल वाटलं.

अखेर एका रविवारी सकाळी गावाहून बाळा गुरवाचा फोन आला. सहदेवने फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला, डोक्याला टोपी घातली आणि हात जोडून उभा राहिला. सर्वेश आणि अक्षताही उठून उभे राहिले. मालन बोंडूच्या शेजारी जमिनीवर बसून राहिली.

आणि इथे सहदेवने त्याच्यासारखाच माणूस करील अशी चूक केली. कुत्र्यासाठी देवाला कौल मागायची त्याला लाज वाटली. गावात हसं होईल, मुंबईवाले माजले म्हणतील, ह्या भीतीने तो फोनवर म्हणाला, "बाळा, घरातल्या एकाच्या पायाचा ऑपरेशन आसा. करूचा काय नको, ता इचार."

"कोणाच्या पायाचा?"

"घरातल्याच. तू इचार."

बाळा गुरवाने गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, मुंबयत ऱ्हवणारा तुझा लेकरू सहदेव आज तुका गाऱ्हाणा घालता. त्याच्या घरातल्या माणसाच्या पायाचा ऑपरेशन करूचा काय नको, ता उजवो-डावो देवन सांग रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," चारकोपच्या खोलीत सहदेव म्हणाला.

बराच वेळ फोनमधून नुसता देवळातल्या पंख्याचा आवाज येत राहिला. मग गुरव म्हणाला, "डावो दिल्यान, सहदेवा."

सहदेवचे खांदे पडले. सर्वेशने डोळे पुसले. आणि गुरव, बिचारा धीर द्यायला म्हणून, पुढे बोलत राहिला. "घाबरा नको. मागे वैनीच्या छातीच्या टायमाक नाय, दोनदा डावोच दिल्यान हुतो? तिसऱ्या खेपेक उजवो दिल्यान ना? तसाच परत लावूया. घाई करू नको."

सहदेवने झडप घालून फोन बंद केला. पण बोललेलं बोलून झालं होतं.

मालन बोंडूच्या पाठीवरचा हात न हलवता बसून होती. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. गावाला तर पिशवी सांगितली होती. मग ह्या गुरवाला छाती कुठून कळली? आणि तीन खेपा कसल्या?

उत्तर शोधायला लांब जावं लागलं नाही. चार वर्षांपूर्वी मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर आधी म्हणाले होते की गाठ लहान आहे, गाठीपुरतंच काढू, लवकर या. मग सहदेव तारीख घ्यायला म्हणून सकाळी निघायचा आणि दुपारी तोंड पाडून यायचा. नंबर लागत नाही, खाट रिकामी नाही, गर्दी फार. दोन महिने असे गेले. मालन त्याला चहा करून द्यायची आणि उलट समजावायची, अहो, इतक्या जिवाक लावन घेव नकात, लागात नंबर. तारीख मिळाली तेव्हा गाठ वाढली होती, आणि डॉक्टर म्हणाले, आता सगळंच काढावं लागेल.

रागावली की मालनची मालवणी गळून पडायची आणि ती साफ मुंबईचं बोलायची. "खाट रिकामी नव्हती ना?" तिने विचारलं.

सहदेवने टोपी काढून हातात घेतली. "तुका सांगून काय करूचा हुता? घाबरली असतस."

"मी हॉस्पिटलाबद्दल विचारतेय. तुम्ही तिकडे जातच नव्हता."

"जाय हुतंय. बाहेर बसान येय. देव नको म्हणता आणि मी कसो हो म्हणू?" त्याचा आवाज चढला. चुकलेल्या माणसाचा चढतो तसा चढला. "काय वायट झाला तुझा? जिवंत आसस ना?"

मालनने सर्वेशकडे बघितलं. सर्वेश मोबाइलकडे बघत होता. त्यालाही ठाऊक होतं, हे तिला त्याच्या मानेवरूनच कळलं. म्हणजे बापाला ठाऊक, मुलाला ठाऊक, साडेचारशे किलोमीटरवरच्या गुरवाला ठाऊक, पाषाणाच्या देवालाही ठाऊक. शरीर जिचं होतं तिला तेवढं कुणी विचारलं नाही. लग्न होऊन आलेली अक्षता तोंडावर हात ठेवून उभी होती. छातीचं तिला माहीत होतं, हे कौलाचं खरंच नवं होतं.

संताप असा आला की मालनला उठून काहीतरी फोडावंसं वाटलं. काय फोडणार? भांडी तिचीच, घासायला परत तीच. तिने बोंडूला उचलून बैठ्या घराच्या मागच्या अंगणात नेलं आणि पेरूच्या झाडाखाली त्याला मांडीवर घेऊन बसली.

रागाच्या भरात मात्र तिने काही ठरवलं नाही, हे तिच्या बाजूने सांगितलं पाहिजे. आपला सूड कुत्र्याच्या पायावर काढायचा नाही, एवढी अक्कल तिला होती. पाय त्याचा, कापायला निघालो आपण, आणि त्यालाही कुणी विचारलेलं नाही. ह्या बाबतीत ती स्वतः सहदेवच्याच रांगेत उभी होती, आणि हा विचार तिला मुळीच आवडला नाही. बोंडूला बोलता आलं असतं तर काय म्हणाला असता? तिला तिच्या वेळी विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती? ती म्हणाली असती, लवकर करा, मला सर्वेशचं लग्न बघायचंय. बोंडूला कुणाचं लग्न बघायचं नव्हतं. त्याला दुखायचं थांबायला हवं होतं आणि बांगड्याची डोकी हवी होती.

तिने डॉक्टरला फोन लावला. "पाय काढला तर त्याचं दुखणं जाईल, नक्की ना?"

"हाडाचं दुखणं जाईल. ऑपरेशनचं दुखेल थोडे दिवस, त्याला औषध आहे."

"आणि नाही काढला तर?"

"तर हाड मोडायची वाट बघायची, मावशी. किंवा झोपवायचं. तेही चूक नाही. पण तो खातोय, शेपूट हलवतोय. अजून त्याची वेळ नाही आली, असं मला वाटतं."

"उद्या आणते," मालन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बोंडूला जुन्या चादरीत गुंडाळलं. सहदेव दाराशी उभा होता. "मालन, देवान नको म्हटल्यान आसा. कायतरी वायट-वंगाळ झाला तर?"

"तर माझ्यावर ढकला. नाहीतरी माझं मला निस्तरायची सवय आहे."

अक्षताने ऑफिसला सुट्टी टाकली होती. तिने गुपचूप चपला चढवल्या आणि चादरीचं दुसरं टोक धरलं. कुत्रं बघून पहिल्या दोन रिक्षा पळाल्या, तिसरीवाल्याशी मालन अशी काही भांडली की त्याने बोरिवलीपर्यंत मागे वळून बघितलं नाही. अख्ख्या रस्त्यात बोंडूने नाक बाहेर काढून वारा खाल्ला. त्याला वाटलं असेल फिरायला चाललोय.

आत नेताना त्याने एकदा मागे बघितलं. मग दार बंद झालं आणि मालन बाहेरच्या बाकावर बसली. आपण काय करून बसलो, असं तेव्हा तिच्या मनात आलंच. टेबलावरच गेला तर घरी जाऊन काय तोंड दाखवायचं, असंही आलं. अक्षताने आणलेला चहा तिच्या हातातच गार झाला.

दुपार व्हायला आली तेव्हा सहदेव आला. घामाघूम झालेला, पण चेहरा उजळलेला. तो तिच्याशेजारी बसला आणि घाईघाईने सांगायला लागला. "बाळाक परत लावूक सांगलंय. आज खरा सांगलंय, कुत्र्याचो पाय म्हणान. हसलो थोडो, हसांदेत. देवान उजवो दिल्यान, मालन. लगेच दिल्यान. आता काय काळजी नाय."

त्याला वाटत होतं की सगळं मिटलं. देवाने हो म्हटलं, बायकोनेही हो म्हटलं, आता घरी जाऊन जेवायचं. मालनने त्याच्याकडे नीट बघितलं. माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर बरं झालं असतं, त्याच्याशी भांडता आलं असतं.

"एक सांगाल?" ती म्हणाली. "माझ्या वेळी तिसऱ्यांदाही डावा आला असता तर?"

सहदेवने अक्षताकडे बघितलं, ती खिडकीबाहेर बघत होती. त्याने समोरच्या भिंतीवरचं मांजराचं चित्र बघितलं. उत्तर तिथेही नव्हतं. मालनने वाट बघितली, भरपूर बघितली, कारण आज तिला ऐकूनच घ्यायचं होतं.

तेवढ्यात दार उघडून श्रुतिका आली. "झालं नीट. शुद्धीवर येतोय. घरच्या कुणीतरी आत या, ओळखीचा वास आला की तो शांत होईल."

मालन उठली. सहदेवही उठला.

"तुम्ही बसा," ती म्हणाली.

आत बोंडू जमिनीवरच्या गादीवर होता. एका बाजूचे केस सगळे भादरलेले, खांद्यापाशी टाक्यांची लांब ओळ. तिला बघून त्याने शेपूट एकदा आपटलं आणि उठायला गेला. नसलेल्या पायावर भार टाकला आणि तोंडावर पडला. परत उठायला गेला, परत कलंडला. मग घाबरून तिच्याकडे बघत राहिला.

मालन फरशीवर फतकल मारून बसली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. दार पुरतं लागलं नव्हतं. फटीत सहदेव येऊन उभा राहिलेला तिला दिसला. चार वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं, ते ती बोंडूला सांगायला लागली, आणि आवाज मुद्दाम खाली आणला नाही.

"सुरुवातीला असंच होतं रे. एका बाजूला ओढल्यासारखं वाटतं, तोल सापडत नाही. आहे असं वाटून हात लावायला जातो आणि तिथे काही नसतं. रडू येतं. आपल्याकडे बघायला कुणी तयार नसतं, त्याचं तर जास्तच येतं. ते होईल. मग एक दिवस तू भाजी आणायला जाशील आणि परत येईपर्यंत तुझ्या लक्षातही येणार नाही. मी बघणार आहे तुझ्याकडे. रोज बघणार आहे."